कवळीचा प्रश्न

कडूमास्तर फाटकातून आत आले की कामगार एकमेकांना कोपराने ढोसत. "आले बघा, तोंडं कडू करायला." मास्तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि हातातली पेटी टेबलावर ठेवत.

साथ आली, गॅस सुटला, आग लागली, तरी माणूस मरू नये आणि कंपनी बंद पडू नये, याची तयारी करून देणं हे त्यांचं काम. घरी कोण राहील, आत मुक्काम कोण करील, त्यांच्या खाटा कुठे, पाणी कुठून येणार, एकाला ताप आला तर त्याच्या जागी कोण, हे सगळं ते मालकांना समोर बसवून विचारत. मालक जांभया देत. मास्तर जांभई संपेपर्यंत थांबत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारत.

पण त्यांचा खरा हट्ट मास्कचा. मास्क वाटून भागत नाही, तो तोंडाला बसला पाहिजे, असं ते म्हणत. बसला की नाही हे पाहायची एक रीत होती. माणसाने मास्क लावायचा आणि डोक्यावरून पारदर्शक टोपडं ओढून घ्यायचं. टोपड्याच्या भोकातून मास्तर जहर कडू पाण्याचा फवारा मारत. मग त्याने मान हलवायची, वाकायचं, मोठ्याने बोलायचं. जिभेला कडू लागलं, तर कुठल्यातरी फटीतून हवा आत जाते आहे. नापास. काढा मास्क, घ्या दुसरं माप.

तरुणपणी मास्तर बस बांधायच्या कारखान्यात रंगाचा फवारा मारत. तिथे सगळे तोंडाला फडकं बांधत. फडकं बांधलं म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटे, मास्तरांनाही. पुढे त्यांच्या शेजारी उभा राहून रंग मारणारा मित्र जिना चढताना थांबू लागला, मग चढेनासाच झाला. तेव्हापासून मास्तरांना अर्धवट काम बघवत नसे. दाढीवाल्याला ते सरळ परत पाठवत.

"मास्तर, दाढी काढली तर बायको ओळखणार नाही."

"मग नव्याने ओळख करून घे. नाहीतरी जुनी काय कामाला आली?"

फवाऱ्याआधी ते प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत. दाढी आज केलीस? कामावर चष्मा लावतोस? कवळी आहे? असली तर कामावर तोंडात ठेवतोस की काढून ठेवतोस? या शेवटच्या प्रश्नाला रांगेत खसखस पिके. मास्तर हसत नसत. कवळी काढली की गाल आत जातात, तोंडाचा घाट बदलतो आणि मास्कची कड सुटते. जे तोंड घेऊन काम करायचं, तेच घेऊन चाचणीला बसायचं.

असा हा माणूस एका कंपनीत तो प्रश्न विचारायचं टाळून आला.

ती कंपनी म्हणजे एक मोठं कोल्ड स्टोरेज होतं. औषधं आणि खाण्याचा माल ठेवायचं. साथीत ते बंद पडलं तर गावाचे हाल, म्हणून मॅनेजरबाईंनी मास्तरांना बोलावलं होतं. गारवा धरणारी यंत्रं अमोनियावर चालत. तेव्हा तिथे मास्क दोन कामांचे होते, साथीचे आणि गॅसचे. रबराचा साचा एकच, पुढचे हवा गाळणारे डबे बदलायचे. यंत्रघर सांभाळणाऱ्याचा मास्क तर अगदी घट्ट बसायला हवा.

आणि यंत्रघर मास्तरांच्या थोरल्या भावाकडे होतं.

वडील गेल्यावर याच दादाने मास्तरांना बोटाला धरून वाढवलं, पुढे कामाला लावलं. स्वतःची शाळा सोडली, धाकट्याची सोडू दिली नाही. आता दादाचे सगळे दात पडले होते. ते घरात ठाऊक होतं, बाहेर कोणाला नाही. दादा हसताना तोंडावर हात धरी. एकदा वहिनी कुरकुरल्या होत्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. कवळी टोचते म्हणून दिवसभर खिशात घेऊन हिंडतात आणि फाटकातून बाहेर पडताना लावतात. म्हणतात, यंत्राशी बोलायला दात कशाला?"

चाचणीच्या सकाळी रांगेच्या टोकाला दादा उभा होता. घोटून दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कवळी तोंडात. मास्तरांनी त्याला पाहिलं आणि पहिल्या माणसाला कवळीचं विचारलं नाही. दुसऱ्यालाही नाही. एकट्या दादाला गाळलं असं दिसू नये, म्हणून सगळ्यांनाच गाळलं.

दादाची पाळी आली.

"बस, दादा."

"इथे दादा नाही. इथे तू मास्तर. नीट बघ, भाऊ म्हणून सोडू नकोस."

मास्तरांनी दाढी विचारली, चष्मा विचारला. पुढचा प्रश्न जिभेवर आला. मागे पोरं दात काढून उभी होती. मास्तरांनी टोपडं उचललं.

फवारा मारला. दादाने मान हलवली, वाकला, खणखणीत आवाजात बोलला.

"कडू लागलं?"

"अजिबात नाही."

"थोरले पास!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, "मग यंत्रघर तुमच्याकडेच राहील." दादाने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांना ती सोसवली नाही. पेटी आवरायच्या निमित्ताने ते खाली वाकले.

दादाला एकट्याला गाठून कवळीचं सांगू, असं त्यांनी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दादाकडे गेलेही. दादा चाचणीचं वर्णन वहिनींना हावभाव करून सांगत होता. "पोरं नापास झाली, मी पास!" मास्तर चहा पिऊन परतले. वाटेत ते स्वतःला म्हणाले, सांगायचं राहून गेलं. पण राहून काही गेलं नव्हतं. ते गिळलं होतं, आणि हे त्यांना पुरतं कळत होतं.

साथ आली नाही. गॅस आला.

एका दुपारी यंत्रघरातल्या एका जोडातून अमोनिया सुटला. भोंगा वाजला, मास्तरांनी शिकवलं होतं त्या वाटेने सगळे बाहेर पडले, वारा येत होता त्या बाजूला जाऊन उभे राहिले. दादाने मास्क चढवला, पट्टे ओढले, आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. दाराशी येता येता खोकल्याने दुमडला आणि उंबऱ्यावर पडला. लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. छाती मात्र आता पूर्वीसारखी होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मॅनेजरबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. जेवणाच्या खोलीत सगळे कामगार बसवले होते.

"मास्तर, तुमची आखणी उत्तम चालली," बाई म्हणाल्या. "एक माणूस जखमी झाला, तोही स्वतःच्या चुकीने. थोरले स्वतःच सांगतात की पट्टे ओढायचे राहिले. तुमच्या मास्कला आणि चाचणीला बोल नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. आता तुम्ही सगळ्यांना सांगा, निष्काळजीपणा कसा भोवतो ते. हेच उदाहरण द्या."

मास्तर उभे राहिले. दादाने धाप लागलेली असताना खोटं सांगितलं होतं, धाकट्याचं नाव राखायला. समोर सगळे माना वर करून बघत होते. मास्तर म्हणाले, "पट्टे..." आणि थांबले.

"पट्टे ओढलेले होते," ते म्हणाले. "दादा तसं काम करत नाही. त्याला कवळी आहे. कामावर तो ती काढून ठेवतो. मला ठाऊक होतं. विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. चूक माझी."

मागून एक जण फिस्सकन हसला. "थोरल्यांना कवळी?" शेजाऱ्याने त्याला दटावलं, पण हसू होऊन गेलं होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं ओझं उतरवताना त्यांनी दादाची झाकली मूठ चारचौघांत उघडली होती.

खोके भरणारा एक म्हातारा हळूच उठला. "मास्तर, मीपण काढतो. तुम्ही विचारलं नाही म्हणून बोललो नाही." पलीकडे झाडूवाल्या मावशींनी पदर तोंडाशी नेला आणि होकारार्थी मान हलवली. त्यांनाही मास्तरांनी पास केलं होतं. एका भावाला लाजवायचं नाही म्हणून त्यांनी या दोघांनाही फटीचा मास्क बांधून दिला होता.

बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यावर विसंबून आम्ही निश्चिंत होतो."

संध्याकाळी मास्तर दवाखान्यात गेले. दादा उशीला टेकून बसला होता. कवळी उशाशी वाटीत होती. मास्तरांना पाहून त्याने पांघरूण तोंडावर ओढलं, मग सोडून दिलं.

"सांगितलंस म्हणे."

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"हसले?"

"एक जण."

दादा खिडकीकडे बघत राहिला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "मी कशाला खोटं बोललो मग? फुकट गेलं."

मास्तर मान खाली घालून खाटेशी बसले.

"एक सांगू, धाकट्या? तू विचारलं असतंस, तर मी तिथेही खोटंच बोललो असतो. कवळी काढत नाही म्हणालो असतो."

मास्तरांनी सुटल्यासारखी मान वर केली.

"वर बघू नकोस," दादा म्हणाला. दोन शब्दांमध्ये तो दम घेत होता. "ते खोटं माझं झालं असतं. विचारायचं काम तुझं होतं. ते तू केलं नाहीस. म्हाताऱ्याची आणि त्या बाईची चाचणी कधी घेणार?"

"उद्या सकाळी."

"मला घेऊन चल म्हणालो असतो. आता यंत्रघरात पाऊल टाकायचं नाही, डॉक्टर म्हणतात." त्याने डोळे मिटले. "जा आता. बोललं की धाप लागते."

मास्तर उठले. दारात वहिनी डबा घेऊन येत होत्या. भावजी दिसले की त्यांचा पहिला प्रश्न असे, चहा घेणार का? आज त्या बाजूला झाल्या, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि मास्तर पुरते बाहेर जाईपर्यंत त्यांनी डब्यावरची नजर उचलली नाही.