खालची ओळ

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुरू केला की आधी काळा पडदा येतो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी. वरची विंडोज, खालची लिनक्स. काही दाबलं नाही तर तो थोडा वेळ वाट बघतो आणि आपणहून वरच्या ओळीत शिरतो. वरची ओळ माझी, खालची दादाची. ही वाटणी दादानेच केली होती, कारण मी त्याच्या लिनक्सला नावं ठेवायचे आणि तो माझ्या विंडोजला. एका खोक्यात दोन बिऱ्हाडं, असं मी म्हणायचे.

त्यातूनही एक भांडण उरलंच होतं, ते ब्राउझरवरून. मी शाळेच्या कामाचं एखादं पान शोधून त्यावर खूण करून ठेवायची आणि नेमकी तो खालच्या ओळीत बसलेला असताना मला ते हवं व्हायचं. त्याच्या बाजूला ते नसायचं. मग सगळं बंद करा, पुन्हा सुरू करा, वरची ओळ उघडा. तोवर माझा पारा चढलेला. शेवटी वैतागून त्याने हार्ड डिस्कवर एक सामाईक कप्पा पाडला. ब्राउझरचं सगळं सामान, म्हणजे खुणा केलेली पानं, पासवर्ड, हिस्टरी, त्यात नेऊन ठेवलं आणि दोन्ही सिस्टीमना ताकीद दिली की इथूनच घ्यायचं आणि इथेच ठेवायचं. मी वर एखाद्या पानावर तारा मारला, म्हणजे खूण केली, की तो खालीही दिसणार. त्याने खाली काही उघडलं की ते माझ्या हिस्टरीत येणार. "आता तरी गप्प बसशील?" तो म्हणाला. मी गप्प बसले नाही, पण सोय झाली हे खरं.

हे सगळं केलं आणि नंतरच्या हिवाळ्यात दादा घरातून गेला. पवनेच्या काठी मित्रांबरोबर पर्यटकांसाठी तंबूंचा धंदा काढला होता, तो मोडला. मग तो महिनोन्महिने घरीच होता, जेवायला बोलवलं तर यायचा, विचारलं तर हो-नाही म्हणायचा. एका सकाळी पायात चप्पल घालून बाहेर पडला. फोन चार्जिंगला लावलेला तसाच. आम्हाला वाटलं चहा प्यायला गेला. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाइकांकडे चौकशी झाली, रुग्णालयं झाली, आणखी जिथे जाऊ नये तिथेही जाऊन चेहरे बघून झाले. मी माझ्या बाजूने आमची सामाईक हिस्टरी उघडून पाहिली तर ती कोरी होती. जाण्याआधी त्याने पुसली होती. त्या कोऱ्या पानाची मला जेवढी भीती वाटली तेवढी शवागारातसुद्धा वाटली नव्हती.

खालची ओळ मी कधीच उघडली नाही. तिला पासवर्ड असणार असं मी धरून चालले होते, पण ते निमित्त. खरी गोष्ट अशी की तिथे गेले आणि तो तिथेही नसला तर काय, हे मला सहन झालं नसतं. बाबा आधीच गेलेले. घरात आई आणि मी. आई कुणी विचारलं तर "भाईर असतोय कामाला" म्हणायची, आणि त्याच्याबद्दल आमच्यात बोलणं बंद झालं ते झालंच. मी सकाळच्या लोकलने लोणावळ्याहून कामशेतच्या शाळेत जायची, विज्ञान शिकवायची, संध्याकाळी येऊन कॉम्प्युटरवर बसायची.

पावसाळ्यात एका संध्याकाळी मी आईच्या गुडघ्यांसाठी कसल्याशा तेलाचं पान शोधायला गेले. आदल्या दिवशीच पाहिलं होतं, पण खूण केलेली नव्हती. उघडलं तर कडेचा तारा निळा झालेला. मी मारला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पानावर तसाच तारा. मग मी हिस्टरी उघडली. तेच पान दुपारी उघडलं गेलं होतं, मी सातवीच्या वर्गात चुंबकाचे ध्रुव शिकवत होते त्या वेळी.

अंगावर काटा आला असं आपण सहज म्हणतो. माझ्या खरोखरच आला, मनगटापासून खांद्यापर्यंत, आणि मी तो बघत बसले.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं. आई फोन वाजला तरी "तुझाच असंल" म्हणून मला हाक मारणारी, ती कॉम्प्युटरला कुठली हात लावते. म्हणजे दादाच. त्याने जाताना बाहेरूनही या कप्प्यात यायची काहीतरी वाट ठेवली असणार, असले उद्योग त्याला जमायचे. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी कॉम्प्युटरवर बसून तो मी काय बघते ते बघत होता आणि तारा मारून सांगत होता की आहे मी. मला एवढा आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगणारच होते. पण ती कणीक मळत होती, पाठमोरी, आणि मला वाटलं, खोटं निघालं तर ही पुन्हा उभी राहणार नाही. नक्की कळल्यावर सांगू, असं ठरवून मी परत येऊन बसले.

त्यानंतर मी त्याच्यासाठी पानं उघडायला लागले. लिहून निरोप ठेवायचा धीर झाला नाही. रानातलं पाखरू बिचकतं तसा तो बिचकेल असं वाटायचं. म्हणून नुसती पानं. पुण्याहून लोणावळ्याला येणाऱ्या लोकलचं वेळापत्रक उघडलं, म्हणजे ये. दुसऱ्या दिवशी तारा. पवना धरण किती भरलं ते उघडलं, कारण ते तो रोज बघायचा. तारा. बाबांच्या श्राद्धाची तिथी पंचांगात काढली. तारा. माझं वर्गात पोरांवर ओरडणं कमी झालं. सहकारी बाईंनी विचारलंसुद्धा, काय गं, लग्न ठरलं की काय.

घरातही काहीतरी बदललं होतं, पण ते मी त्याच्याशी जोडलं नाही. लोकलचं वेळापत्रक उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने सुकट-वांगं केलं. मला सुकटीचा वाससुद्धा चालत नाही हे तिला चांगलं माहीत. मी ताटावर तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "तू न्हाई खाल्लंस तर राहूंदे. झाकून ठिवते." श्राद्धाला तिने नवा टॉवेल आणला आणि बाथरूमच्या खुंटीला लावला. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

याच दिवसांत मला नाशिकच्या एका निवासी शाळेतून बोलावणं आलं. चांगली शाळा, प्रयोगशाळा असलेली, आणि आमच्या शाळेत तर एक सूक्ष्मदर्शक, तोही फुटका. पण आईला एकटीला टाकून जाणार कशी? दादा गेला, आता मीही गेले तर लोक सोडा, मीच मला काय म्हणणार होते? मी होकारही दिला नाही आणि नकारही. संध्याकाळी बसून नाशिकमधल्या भाड्याच्या खोल्या तेवढ्या बघायची, दुकानाबाहेरून साड्या बघाव्यात तशी.

आणि एका खोलीवर तारा आला. बाकी कशावरच नाही, त्या एकीवरच. स्वयंपाकाच्या ओट्याला खिडकी असलेली, पुढे थोडा गच्चीचा तुकडा. मी किती वेळ त्या ताऱ्याकडे बघत बसले ते सांगता येणार नाही. मी रडले, अगदी हुंदके देऊन. दादा म्हणत होता, जा. आईचं मी बघतो, मी येतोय, तू जा. दुसऱ्या दिवशी मी शाळेला होकार कळवला आणि घरमालकीणबाईंना फोन करून खोली माझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली. आईला सांगायचं तेवढं राहिलं.

मग वाऱ्याने आमच्या गल्लीतलं सिल्व्हर ओकचं झाड इंटरनेटच्या वायरीवर पडलं. नेट गेलं. केबलवाला उद्या येतो म्हणाला आणि आला नाही, ते आमच्याकडे पावसाळ्यात धरूनच चालायचं. संध्याकाळी नेट आलं का बघायला मी ब्राउझर उघडला. नव्हतं आलं. सवयीने हिस्टरीवर गेले. तेच नाशिकच्या खोलीचं पान. आज. दुपारी.

एकदा पाहिलेली पानं नेटशिवायही उघडायची, पण बाहेरून कुणी येण्याची वाटच बंद होती. म्हणजे जो कुणी आला तो या घरात येऊन, या खुर्चीत बसून, खालची ओळ उघडून गेला होता. बाहेर लोणावळ्याचं ते धुकं, खिडकीला टेकलेलं, समोरच्या घराचा दिवाही दिसत नव्हता. घराची किल्ली दादाकडे होतीच. आई दुपारी झोपते. तो दुपारी येतो, बसतो आणि जातो? मग आईला एकदाही उठवत नाही? का त्याला यायला किल्ली लागतच नाही आता? विज्ञानाची शिक्षिका मी, पण उठून घरातले सगळे दिवे लावले. खुर्चीच्या पाठीला हात लावून पाहिला. आई आतून म्हणाली, "काय गं, कोन आलंय?" मी म्हटलं, कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन नेहमीसारखी निघाले, पण मळवलीलाच उतरले आणि उलट्या गाडीने परत आले. बाजारात रेंगाळले, चिक्कीच्या दुकानांसमोर पर्यटकांच्या छत्र्यांमध्ये उभी राहिले. दुपार झाल्यावर घराकडे चालू लागले. तो असला तर काय बोलायचं, एवढंच डोक्यात होतं. आधी एक कानाखाली द्यायची असं ठरवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते हळूच ढकललं.

खुर्चीत आई बसली होती. पदर खोचून, चष्मा लावून, पडद्यापासून वीतभर अंतरावर. पडद्यावर सगळं मराठीत होतं, मोठ्या ठळक अक्षरांत. दादाने खालची ओळ तिच्यासाठीच मराठीत करून ठेवली होती, पासवर्डसुद्धा काढून टाकला होता, हे मला तेव्हा कळलं. मी नसताना दुपारी तो तिला शिकवत असे.

"आलीस लौकर?" ती म्हणाली. घाबरली नाही, उलट तिचा चेहरा फुलला. "बरं झालं. ये हितं, बस. तुला सांगनारच व्हते. त्यो जिता हाय गं."

मी डबा दाराशीच खाली ठेवला.

"ह्ये बग. रोज सांजच्याला त्यो काय काय बघतोय ते समदं हितं दिसतंय मला. ही लोकल बगितली, म्हनून मी त्याच्या आवडीचं सुकट-वांगं केलं. न्हाई आला, जमलं नसंल. ही बाबांची तिथी, इसरला न्हाई. माझ्या गुडघ्याचं त्याल बी बगितलंय. आन् आता नाशकात खोली बगतोय. चांगलं झालं. हिंडत व्हता, आता एका जागी बसंल." तिने माऊस धरलेला हात जरा उचलला. "मी आपली पानावर तारा मारती. पाला टाकल्यावानी."

आई पवनेकडच्या गावातली. तिच्या लहानपणी बाया रानात लाकडाला जायच्या तेव्हा वाट फुटते तिथे पुढची बाई ओला पाला टाकून ठेवायची, मागून येणारीला कळावं, आपलं माणूस इथून गेलंय. हे तिने मला शंभरदा सांगितलेलं होतं.

गप्प राहता आलं असतं. पण ती उद्याही सुकट करणार, परवाही झाकून ठेवणार, आणि मी नाशिकला बसून तिच्यासाठी दादा होऊन पानं उघडत राहणार, हे माझ्याच्याने झालं नसतं. "आई," मी म्हटलं, "ते सगळं मी बघत होते."

"तू तर वरच्यात बसतीस. ह्यो त्याचा हाय."

"सिस्टीम वेगळ्या आहेत. ब्राउझर एकच आहे. दादानेच तसं करून ठेवलंय. मी वर बघते ते तुला इथे दिसतं. तू इथे तारा मारतेस तो मला वर दिसतो. मला वाटलं दादा मारतोय."

ती हसली. माझ्यावर कधीच विश्वास नव्हता तिचा, कॉम्प्युटरच्या बाबतीत तर नाहीच. "दाव," म्हणाली. तिने धरणाच्या पानावरचा तारा काढला आणि पुन्हा मारला, मला बघ म्हणाली. मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. काळा पडदा आला, दोन ओळी आल्या. आम्ही दोघी काही न दाबता बसून राहिलो आणि तो वरच्या ओळीत शिरला. मी माझा ब्राउझर उघडला. यादीत सगळ्यात वर धरणाचं पान होतं, तिच्या ताऱ्यासकट.

आईने चष्मा काढला. पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तो तिने झटकला नाही, पण तिला तो लागलेला कळलाही नसावा.

"म्हंजी त्यो न्हाई," ती म्हणाली.

"माहीत नाही, आई. पण हे तो नाही."

बराच वेळ ती त्या यादीवरून खाली खाली जात राहिली. तेल, लोकल, तिथी. नाशिकवर येऊन थांबली.

"मंग ही खोली?"

"मी घेतलीय," मी म्हणाले. "तिथल्या शाळेला हो म्हटलंय. जायचं की नाही ते ठरत नव्हतं. मग त्यावर तारा आला. मला वाटलं, दादा म्हणतोय जा."

आईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मला नीट पाहिलं असेल.

"त्याच्यासाठी मारला व्हता गं त्यो," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई."