रेडिओच्या तयारीत कळलेली गोष्ट

मित्रांनो, उद्या सकाळी रेडिओवर फोनवरून माझी मुलाखत आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सव्वीस वर्षं टॉवेलच्या यंत्रमागावर काम केलं, त्याबद्दल बोलायचंय.

आज दुपारी तयारीला बसलो. बायको, सुनीता, आतल्या खोलीत गेली आणि तिथून फोन लावून प्रश्न विचारू लागली.

"कामाला कवा लागला?" असं तिनं विचारलं होतं म्हणे. मी गावाचं नाव सांगितलं. पुढच्या दोन्ही प्रश्नांना मी भलतीच उत्तरं दिली, तशी ती बाहेर आली.

मी म्हणालो, "फोन खराब झालाय."

"फोन चांगला हाय. तुमाला ऐकू येत न्हाय, तुमी ओठांकडं बघून वळखताय. दोन वर्सं झाली, मी तुमाला पाठीमागनं हाक मारत न्हाय."

ती हल्ली कमी बोलते, ते मला रागानं वाटायचं. मी कधी विचारलंच नाही.

रेडिओवाल्या मॅडमना मेसेज केला, 'फोनवर नको. मी तिथं येतो, समोर बसून विचारा. मागाच्या आवाजानं कान गेले, तेही सांगणार आहे.'

मागावरच्या भावांनो, तुमच्याही घरात कुणी बोलायचं कमी केलंय का?