शनिवारी उडणारं विमान

माझं विमान शनिवारी झकास उडायचं. मंगळवारपर्यंत जरा डुलायला लागायचं, आणि शुक्रवारी नाक वर करून शेपटीवर बसायचं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी वहीत वारा लिहायचो, ऊन लिहायचो, बॅटरी किती भरली होती तेही लिहायचो. वार तेवढा लिहायचं सुचलं नाही.

मी परभणीत राहतो आणि घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढून देतो. विमान हा माझा फावल्या वेळचा नाद. थर्मोकोलचे पंख, बांबूच्या कामट्या, पुढे मोटार, हातात रिमोट. माझ्या डिप्लोमात विमानांचा विषयच नव्हता, त्यामुळे माझा आत्मविश्वास शाबूत होता.

बायको दर शनिवारी स्कूटरला, जीपला आणि दुकानाच्या शटरला ताजं लिंबू-मिरची बांधते. विमान तयार झालं तेव्हा तिनं एकच विचारलं,

"अहो, याला चाकं आहेत का?"

"तीन आहेत."

"मग झालं." आणि तिनं मोटारीखाली लिंबू-मिरची लटकवली. परसातल्या झाडाचं लिंबू, चांगलं मूठभर. मी विज्ञानवादी माणूस. पण शनिवारची सकाळ कोण खराब करून घेणार?

त्या वर्षी सोयाबीन निघत होतं तेव्हा मला राणीसावरगावच्या बाजूला, ओढ्यापलीकडच्या एका वस्तीवर इंटरनेट द्यायचं होतं. तिथल्या एका पदवीधर सुनेनं ओसरीत टेबल टाकून, संगणक-प्रिंटर मांडून ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र उघडलं होतं. सगळं होतं, फक्त इंटरनेट नव्हतं. फोनला रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. सासऱ्यांनी तिला सोयाबीन घरी येईपर्यंतची मुदत दिली होती. रविवारी पोती येणार होती. तोवर केंद्र चालू झालं नाही तर टेबल बाहेर आणि पोती आत.

माझी तार ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबली होती. मध्ये टेकाड, म्हणून छतावर सिग्नल पकडायची डिश बसवून भागेना. दोरी धरून ओढ्यातून चालत जावं तर बोरी-बाभळीच्या जाळीत ती पावलागणिक अडके. मग मी योजना काढली: विमानाच्या शेपटीला मासे धरायची बारीक दोरी बांधायची आणि झाडांवरून पलीकडे उडवायची. तिच्यामागून जाड दोर, दोरामागून तार.

"लग्नातला ड्रोनवाला बोलवा की, सायेब," माझा लाइनमन म्हणाला. खांबांवर चढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. "पाच मिन्टाचं काम हाय."

"ड्रोन म्हणजे भिंगरी. हे विमान आहे."

शुक्रवारी दुपारी आम्ही ओढ्यावर उभे राहिलो. सून आणि तिचे सासरे फेऱ्यानं अलीकडे आले होते. मी सासऱ्यांना "जय भीम" केला, त्यांनीही केला, आणि लगेच मी त्यांना पंखावरून हवा कशी वाहते ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विमान सोडलं.

विमानानं नाक आभाळाकडे केलं, क्षणभर विचार केला आणि ते मागच्या मागं बोरीच्या जाळीत बसलं. ते काढायला मी आत गेलो. विमान शाबूत निघालं, माझी पँट नाही. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तर सासऱ्यांच्या अंगावरच आलं.

"हे इमान हाय का खुडूक कोंबडी?" ते म्हणाले. "घडीघडी बसायलंय!"

"वारा उलटा आहे," मी म्हणालो. झाडाचं पानही हलत नव्हतं.

सून फक्त म्हणाली, "काका, उद्या याल ना? परवा पोती येतील." हे ऐकून मला कोंबडीपेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन मी पंखाचा कोन अर्ध्या बोटानं बदलला. शनिवारी सकाळी निघताना बायकोनं नेहमीप्रमाणे सगळ्या गाड्यांचं लिंबू बदललं. जुनी लिंबं वाटेत टाकायला म्हणून तिनं जीपमध्ये ठेवली, आणि ती टाकायला मी नेहमीप्रमाणे विसरलो.

ओढ्यावर विमान सोडलं. ते सरळ निघालं, बाभळींवरून गेलं आणि मागे दोरी सोडत पलीकडच्या कापून मोकळ्या झालेल्या रानात अलगद उतरलं. लाइनमननं शिट्टी मारली. मी छाती काढून पंखाच्या कोनावर व्याख्यान सुरू केलं.

"काका," सून मध्येच म्हणाली, "काल विमानाला बांधलेलं लिंबू सुकलेलं होतं. आज ताजं आहे. आमच्याकडे लिंबू-मिरची बांधत नाहीत, म्हणून माझं लक्ष जातं. वजनात फरक पडत नाही का?"

मी हसलो. मग हसू थांबलं. जीपमधून कालचं लिंबू काढून एका हातात घेतलं, दुसऱ्या हातात विमानाचं आजचं. कालचं निम्म्यावर आलेलं, मिरच्यांच्या तर नुसत्या साली उरलेल्या. माझं विमान पहिल्यापासून शेपटीकडे जड होतं. तो तोल दर शनिवारी बायको सांभाळत होती आणि आठवडाभर ऊन बिघडवत होतं. शिवाय काल शेपटीला दोरीचाही भार होता; आज तोही ताज्या लिंबानं पेलला. पंखाचा कोन बिचारा खामखा बदलला गेला.

"म्हंजी वैनीसायबांनी उडीवलं," लाइनमन म्हणाला. मी व्याख्यान आवरलं आणि दोर ओढायला लागलो.

संध्याकाळच्या आत तार पलीकडे ताणून झाली आणि टेबलावरचा हिरवा दिवा लुकलुकला. सासरे खुर्ची ओढून पहिल्या नंबरावर बसले. "माझा सातबारा काढ बरं, बघू." कागद प्रिंटरमधून बाहेर आला तसा त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "पोती पडवीत टाकू. ताडपत्री हाय."

पुढच्या आठवड्यात मी ताज्या लिंबा-मिरचीच्या वजनाचा लोखंडी बोल्ट शोधला आणि मोठ्या दिमाखात विमानाच्या नाकात बसवला. शनिवारी बायकोनं लिंबूही बांधलं. विमान नाकावर पडलं. बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बोल्टच काढला. तो आता त्या ओसरीत असतो: पंखा लावला की अर्जांचे कागद उडतात, त्यांवर ठेवायला सुनेनं मागून घेतला. विमान मी अजूनही शनिवारीच उडवतो.