अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, आजारखोली होती. खोली म्हणायचं ते दारावर पाटी होती म्हणून. एक लोखंडी खाट, एक स्टूल, एक कपाट आणि मावशी एवढं आत मावलं की आजाऱ्याला तिरकं होऊनच शिरावं लागे. उंच शिक्षक तिथे कधी आजारी पडत नसत. छताला डोकं आपटून मूळ दुखण्यात नवीन दुखण्याची भर कोण घालून घेणार?

मावशी मुळात झाडलोटीला लागलेल्या. शाळेची नर्स लग्न होऊन गेली, तेव्हा नवी नर्स येईपर्यंत जरा लक्ष ठेवा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती. मधल्या काळात तीन मुख्याध्यापक बदलले, पण ते ‘जरा’ काही संपलं नाही. नर्सचा पांढरा कोट मावशींकडे वारशाने आला. नर्स ताडमाड होती आणि मावशी खांद्यापर्यंतच येणाऱ्या, त्यामुळे कोट घालून त्या मैदान ओलांडू लागल्या की एखादी उशी अभ्र्यासकट फिरायला निघाल्यासारखी दिसे.

त्यांच्या उपचाराची एक ठरलेली रीत होती. मूल आलं की त्याला खाटेवर बसवायचं, काखेत थर्मामीटर खोचायचं आणि म्हणायचं, “हात घट्ट दाब. अजिबात हलायचं नाही.” मग स्वतः स्टूलवर बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावायला घ्यायचं. शाळेत तुटक्या बटणांचा कधीच तुटवडा नव्हता. मुलाला आता हलता येत नसे, पळता येत नसे, बोलता तेवढं येई. मावशी मान वर करत नसत. मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघून जे बोलायची छाती होत नाही, ते मुलं मावशींच्या भांगाकडे बघून बोलत. गृहपाठाची वही हरवली इथपासून सुरुवात होई आणि घरी आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत, तिथवर गोष्ट जाई. साध्या थर्मामीटरला तीन मिनिटं पुरतात. मावशींच्या थर्मामीटरला पंधरा लागत. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार असायला हवी होती, कारण ते थर्मामीटर चार वर्षांपासून बिघडलेलं होतं. एकदा कपाटावरून पडलं. काच शाबूत राहिली, पण पारा मधेच तुटून अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर अडकला. झटकून झालं, गार पाण्यात बुडवून झालं, पारा ढिम्म. नवीन मागायचं मावशींच्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी रडवेली मुलं आली, बसली, बोलली, डोळे पुसून वर्गात गेली, आणि मागणं राहून गेलं. खरा ताप ओळखायला मावशींकडे हाताची पालथी बाजू होती. ती कपाळाला लावली की झालं. “यंत्र चुकेल, हात चुकायचा नाही,” असं त्या कोटाच्या बाह्या सारत सांगत. मात्र आजारखोलीच्या वहीत ताप लिहावा लागे, म्हणून त्या लिहीत. ओकलेला असो, गुडघा फुटलेला असो, चार वर्षं त्या शाळेतलं एकूण एक मूल अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होतं. वही कुणी वाचत नव्हतं.

पाचवीच्या वर्गात दोन मैत्रिणी होत्या. एक उंच आणि काटकुळी, तिला वर्ग पट्टी म्हणे. दुसरी बुटकी आणि गुबगुबीत, तिचं नाव ओघानेच खोडरबर पडलं. दोघी बाकावर शेजारी, डब्याला शेजारी, आजारखोलीत गुडघा दाखवायला एक आली तर दुसरी गुडघ्याची कहाणी सांगायला हजर. मग वर्गाच्या बाईंनी मार्कांप्रमाणे बाक लावायचं ठरवलं. खोडरबर पुढे गेली, पट्टी खिडकीपाशी मागे राहिली. पुढच्या बाकावरच्या मुलींचा डब्याचा गोल वेगळा होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुणीतरी कुणाला तरी ‘ढ’ म्हणालं. नक्की कोण, यावर दोघींचं कधीच एकमत झालं नाही. बोलणं बंद झालं.

आणि पट्टीच्या पोटात दुखू लागलं. रोज, बरोबर डब्याच्या सुट्टीत. मावशींनी पहिल्याच दिवशी ओळखलं की हे दुखणं पोटातलं नाही, मैदानातलं आहे. तिथे गोल करून बसलेल्या मुलींत हिला जागा नाही. त्यांनी पट्टीला काही विचारलं नाही. काखेत थर्मामीटर लावून ती खाटेवर बसे, डाव्या हाताने डबा खाई, पाय हलवत स्टूलला टाचेने ठोके देई. टक, टक, टक. मावशी त्या तालावर टाके घालत. तीन आठवडे असे गेले. आपण एका पोरीला सांभाळून नेतोय, याचं मावशींना मनातून थोडं कौतुकही होतं.

त्या दिवशी पट्टी सुट्टीच्या आधीच आली. पोट दुखतंय म्हणाली आणि बसण्याऐवजी आडवी झाली. मावशींनी थर्मामीटर खोचलं, सुईदोरा घेतला. आजही ढ म्हणाली वाटतं कुणी, असं हळूच विचारून पाहिलं. पट्टी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली. रुसलीय, पडू दे, असं म्हणून मावशी पुढच्या बटणाकडे वळल्या. कपाळाला हात लावायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दुखणं काय आहे ते ठाऊकच होतं ना.

बऱ्याच वेळाने, डब्याच्या सुट्टीत, दार किलकिलं झालं. खोडरबर उभी होती.

“मावशी, तिचं आज खरंच दुखतंय.”

“तुला काय माहीत?”

“पाय हलत नाहीयेत तिचे.”

मावशींच्या हातातली सुई तशीच राहिली. खोलीत टक टक नव्हती. डबा न उघडता पडला होता. त्यांनी हात पट्टीच्या कपाळाला लावला. कपाळ तव्यासारखं भाजत होतं. काखेतून काढलेलं थर्मामीटर मात्र अठ्ठ्याण्णव पॉइंट चारच सांगत होतं.

पुढच्या दहा मिनिटांत मावशींनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आरडाओरडा केला. शाळेची गाडी निघाली. वर्गाच्या बाई पट्टीला मांडीवर घेऊन बसल्या. मावशींना गाडीत जागा झाली नाही.

खोडरबर काही केल्या वर्गात जाईना. ती खाटेच्या कडेला बसून राहिली, मावशी स्टूलवर. पायच हलत नाहीत हे तिला दारातून एकदम कसं दिसलं, असं मावशींनी विचारलं. तेव्हा कळलं की ती रोज सुट्टीत आजारखोलीच्या खिडकीबाहेर येऊन उभी राहायची.

“रोज? मग आत का नाही आलीस गं?”

“मला काही होत नव्हतं ना,” खोडरबर म्हणाली.

आजारखोलीचा नियम मावशींनीच पाठ करून घेतला होता. दुखत असेल त्यानेच यायचं.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं. शस्त्रक्रिया झाली, पोरगी शुद्धीवर आली. मावशींचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ टिकला नाही. मुख्याध्यापकांनी वही मागवली होती. त्यांनी पानं उलटली, आणखी उलटली, मग चष्मा काढून विचारलं, “चार वर्षांत या शाळेत कुणालाच ताप आला नाही?”

मावशींनी सगळं सांगितलं. मुख्याध्यापक आवाज चढवतील, नोकरी जाईल, या तयारीनेच त्या आल्या होत्या. तसं झालं नाही. लेखी समज मिळाली, थर्मामीटर जप्त झालं, नवीन मिळालं. ते अर्ध्या मिनिटात टिटिट करून मोकळं होई. शिक्षा एवढीच, हे मावशींना पटेना. पाऱ्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. पारा तुटलेला आहे हे तर त्यांना माहीत होतं. ज्या हाताबद्दल त्या एवढ्या तोऱ्यात बोलत, तो हात त्या दिवशी मांडीवरून उठलाच नव्हता.

रविवारी त्या दवाखान्यात गेल्या आणि पट्टीच्या आईला बाहेर बाकावर बसवून म्हणाल्या, “माझ्याकडून उशीर झाला. मला वाटलं, ती रुसलीय.” आई थकलेली होती. ती रागावली नाही, जाऊ द्या असंही म्हणाली नाही. मग आईने विचारलं, “शाळेत तिला कुणीच नाही का?” मावशी म्हणाल्या, “आहे. खिडकीबाहेर होती.”

तीन आठवड्यांनी पट्टी शाळेत आली. दोन्ही दप्तरं खोडरबरच्या पाठीवर होती आणि ती ओझ्याखाली दिसेनाशीच झाली होती. डब्याच्या सुट्टीत दोघी आजारखोलीच्या दाराशी येऊन थांबल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला दोघीही तयार नव्हत्या.

“मावशी,” पट्टी म्हणाली, “आज दुखत नाहीये. येऊ का?”

मावशी उठल्या. कोट सावरत आधी पट्टीच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावली, मग खोडरबरच्या. दोन्ही कपाळं गार होती. तरी हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

“या,” त्या म्हणाल्या आणि खाटेवरची शिवणाची थैली उचलून जागा केली.

दोघी बसल्या, डबे उघडले. थोड्या वेळाने स्टूलला टाचेचे ठोके बसू लागले, आधी एकीचे, मग दोघींचे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले. मावशींनी वही ओढून तारीख लिहिली, दोघींची नावं लिहिली. दुखण्याच्या रकान्यापाशी त्या अडल्या. मग तिथे ‘काही नाही’ असं लिहून त्यांनी सुईत दोरा ओवला.