नावं झाकणाऱ्या सुंदराबाई

सुंदराबाई ओव्हाळ यांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. विद्यार्थ्यांची नावं झाकली.

आमच्या पशुवैद्यक विद्यापीठाची परीक्षा शाखा स्वारगेटजवळ होती. पेपर संपले की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर यायचे. नाव लिहिलेला कोपरा त्या फाडायच्या, कोपऱ्यावर आणि पत्रिकेवर एकच सांकेतिक आकडा घालायच्या आणि सगळे कोपरे पाकिटात भरून वर लाखेचं सील लावायच्या. तपासणाऱ्याला फक्त आकडा दिसायचा. कुणाचा आकडा कोणता, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायचो, मलाही नाही.

त्यांचा धाकटा भाऊ राकेश पशुवैद्यकाच्याच शिक्षणाला होता. शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याला आडनाव विचारलं आणि त्यानंतर दुसरा प्रश्न विचारलाच नाही. राकेश नापास झाला आणि पुन्हा परीक्षेला बसला नाही. हे सुंदराबाई एकदाच बोलल्या, जेवणाच्या सुट्टीत. मग डबा बंद केला आणि कामाला लागल्या.

२०१२ साली परीक्षा ऑनलाइन झाल्या. मुलं संगणकावर उत्तरं टाइप करू लागली, परीक्षक पडद्यावर तपासू लागले. सुंदराबाईंचं टेबल उचललं गेलं. परीक्षकांच्या हजेरीच्या सह्या घ्यायला त्यांना तपासणीच्या खोलीत बसवलं. तिथे चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की औषधशास्त्राचे परीक्षक गुण देण्याआधी पडद्यावरच्या सांकेतिक आकड्यावर क्लिक करतात. क्लिक केलं की विद्यार्थ्याचा अख्खा अर्ज उघडायचा. फोटो, नाव, जात-प्रवर्ग, सगळं. ते अर्ज वाचायचे, बंद करायचे आणि मग गुण टाकायचे.

सुंदराबाई तडक शाखाप्रमुख जयसिंगरावांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ही सिस्टिम इंजिनिअर लोकांनी बनवली आहे. आपण लाख वितळवण्यात तरबेज, हे मान्य. पण आता लाख लागत नाही."

खोलीतले दोघेतिघे हसले. मीही हसलो.

निकाल लागला. वारज्याची मैत्री नावाची मुलगी बाकी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गात होती आणि औषधशास्त्रात दोन गुणांनी नापास. ती शाखेच्या खिडकीशी आली, त्या दिवशी तिथे बसलेल्या सुंदराबाईंकडे फेरतपासणीचा फॉर्म मागू लागली. सुंदराबाईंनी फॉर्म दिला नाही. तिला जिन्याखाली नेलं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आतली गोष्ट बाहेर सांगितली. माहितीच्या अधिकारात अर्ज कर, म्हणाल्या. ‘परीक्षकांनी माझा परीक्षेचा अर्ज किती वेळा उघडला’, एवढंच विचार.

मैत्रीच्या अर्जातला प्रश्न इतका नेमका होता, की आतल्याच कुणीतरी सांगितलं असणार हे जयसिंगरावांना पहिल्या ओळीत कळलं. त्यांनी मैत्रीला वडिलांसह बोलावून घेतलं. आठवड्याच्या आत फेरपरीक्षा होईल, वर्ष वाया जाणार नाही. फक्त हे कुणी सांगितलं, तेवढं लिहून द्यायचं. माहितीचा अर्जही मागे घ्यायचा. मैत्रीने वडिलांकडे पाहिलं. वडील खाली बघत होते. तिने नाव सांगितलं.

जबाब मी टाइप केला. वर सुंदराबाईंचं नाव, हुद्दा आणि बिबवेवाडीचा पत्ता घातला. सुंदराबाईंनी गुण वाढवून देण्याचं आमिष दाखवलं, हे वाक्य मैत्रीचं नव्हतं. ते जयसिंगरावांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. मैत्रीने कागद दोनदा वाचला आणि सही केली.

चौकशीत दोघींना समोरासमोर बसवलं. सुंदराबाईंनी समितीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मैत्री, हे तू म्हणालीस?"

"सही माझी आहे."

"ते मी विचारलं नाही."

समितीने सहीच ग्राह्य धरली.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना सुंदराबाईंना सक्तीने घरी बसवलं. शेवटच्या दिवशी त्यांना निरोप द्यायला कुणी उठलं नाही, कारण जयसिंगराव दारात उभे होते. पुढच्या सत्रात सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने गुपचूप सुधारणा केली. आकड्यावर क्लिक केलं तरी काही उघडेना. पारदर्शक परीक्षेबद्दल जयसिंगरावांचा सत्कार झाला. औषधशास्त्राच्या परीक्षकांना कुणी एक शब्द विचारला नाही.

मैत्री फेरपरीक्षेत पास झाली आणि पुढे पशुधन विकास अधिकारी झाली. सहा वर्षांनी बिबवेवाडीतल्या बुद्धविहारात तिचा सत्कार ठेवला होता. वस्तीतल्या ज्येष्ठ बाई म्हणून विहाराच्या समितीने पुष्पगुच्छ सुंदराबाईंच्या हातात दिला. समितीला मागचं काही ठाऊक नव्हतं. परवा स्वारगेटच्या थांब्यावर त्या भेटल्या, तेव्हा हे त्यांनीच मला सांगितलं.

मैत्री म्हणाली होती, "जय भीम, काकू. आपण इथे राहता, मला माहीतच नव्हतं."

"तुझ्या जबाबात माझा पत्ता होता," सुंदराबाईंनी सांगितलं आणि गुच्छ तिच्या हातात दिला. फोटोवाला समोर उभा होता, त्यामुळे दोघींना तसंच उभं राहावं लागलं. मग मैत्रीचं भाषण झालं. सुंदराबाई पहिल्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत ऐकत होत्या.

तो जबाब टाइप कुणी केला, हे त्यांना ठाऊक आहे का, असं मला विचारायचं होतं. तेवढ्यात बिबवेवाडीची बस आली. त्या माझ्याकडे न बघता चढल्या, आणि मी थांब्यावरच राहिलो.