सुखुमीतलं अंगण

मी संगमेश्वरची. नदी आमच्या परसामागून वाहते, तरी चाळिशी उलटेपर्यंत मला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे मुलगे डोहात उड्या मारायचे आणि आम्ही मुली काठावर कपडे धुवायचो. बहरीनला आल्यावर मुलीला क्लबात पोहायला घातलं, तेव्हाही मी काठावरच, तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसलेली. तिची कोच जॉर्जियाची होती. माझ्याहून थोडी लहान, रुंद खांद्यांची, आवाज तर असा की पलीकडच्या टोकाला पोहणाऱ्या बाईनेही दचकून थांबावं. एकदा ती पाण्यातून नेमकी माझ्यासमोर वर आली आणि म्हणाली, "टॉवेल कुणी चोरत नाही इथे. तू पण उतर."

मुलीने पुढे पोहणं सोडलं, मी मात्र टिकले. आमच्या मराठी मंडळातल्या बायका मला ताई म्हणतात ते ऐकून कोचही ताई म्हणायला लागली. त्या एका शब्दापलीकडे आमचं सगळं बोलणं तोडक्यामोडक्या इंग्रजीत. ती सांगायची, "मला मामाने पोहायला शिकवलं. मामा मला खांद्यावर घेऊन समुद्रात शिरायचा." कितीतरी दिवस मी समजत होते की हिचा मामा फार प्रेमळ असणार. मग एकदा मी विचारलं, "आणि तुझे वडील काय करायचे?"

ती खूप हसली. त्यांच्या भाषेत वडिलांना मामा म्हणतात, आईला देदा. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मामा तिकडेच राहिला."

तिकडे म्हणजे सुखुमीला. काळ्या समुद्राकाठचं गाव, अबखाझियातलं. सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा जॉर्जिया वेगळा देश झाला, आणि अबखाझ लोक म्हणू लागले, मग आम्हालाही आमचं वेगळं हवं. कोच जॉर्जियन, समोरच्या घरातले शेजारी अबखाझ. तोवर दोन्ही घरांतली मुलं जिथे वास चांगला येईल तिथे जेवायला बसत. "आधी आमचं सैन्य त्यांच्यावर गेलं," ती म्हणाली. ही बाजू ती कधी झाकत नसे. "मग ते जिंकले, आणि आम्हाला पळावं लागलं." ती, तिची आई आणि इतर बायकामुलं डोंगर ओलांडून चालत निघाली. वर खिंडीत बर्फ पडत होतं. वडील घर राखायला मागे थांबले. चार दिवसांत सगळं शांत होईल, मग येतोच, असं म्हणाले होते. ते आले नाहीत, आणि त्यांचं काय झालं हे सांगणारंही कुणी आलं नाही.

"तुला घरी जाता येतं?" तिने मला विचारलं.

"हो. दरवर्षी महिनाभर."

"दरवर्षी," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्यात शिरली.

पुढे तिने आईला बहरीनला आणलं. दोघी गुदैबिया भागातल्या एका जुन्या इमारतीत राहायच्या. त्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि मला त्यांची जॉर्जियन किंवा रशियन येत नाही, पण आमचं बरं जमलं. एकदा मी त्यांना खालच्या केरळी दुकानात घेऊन गेले. मेथीच्या पोत्याशी त्या थबकल्या, मूठभर दाणे उचलून हुंगले, डोळे मिटून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्याही स्वयंपाकात मेथी आणि धणे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी शुक्रवारच्या सुटीत कधी मेथीचे लाडू न्यायचे, त्या अक्रोडाचं वाटण घातलेली वांगी करायच्या. खाताना त्या सतत काहीतरी सांगत असायच्या. मी कोचकडे पाहिलं की ती म्हणायची, "काही नाही. तिकडच्या झाडाबद्दल सांगतेय." त्यांच्या अंगणात पर्सिमनचं झाड होतं. इथल्या बाजारात हिवाळ्यात टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी गोड फळ येतं, ते. बाजारातलं फळ मात्र त्या कधी घेत नसत.

क्लबात एक रशियन बाई यायच्या. त्यांचे यजमान इथे नोकरीला होते. कोचसारख्यांना अबखाझियात जायला बंदी, पण रशियन लोकांना अडचण नाही, उलट उन्हाळ्यात समुद्रासाठी त्यांची तिथे झुंबड उडते. त्याही निघाल्या होत्या. कोचने दोन दिवस स्वतःशी झगडून शेवटी त्यांना घराचा पत्ता दिला. "फक्त बाहेरून बघ," ती म्हणाली. "उभं आहे का, एवढंच."

एका शुक्रवारी दुपारी तिचा मला फोन आला. "ताई, ती तिथे पोहोचलीय. थोड्या वेळात व्हिडिओ कॉल करणार आहे. तू येतेस?"

मी उम्म अल हस्सममधल्या आमच्या घरून टॅक्सी करून गेले. आई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, केस नीट विंचरून, चांगला झगा घालून, कुणाकडे पाहुणचाराला निघाल्यासारख्या. फोन लागला. आधी गल्ली दिसली, मग हिरवं फाटक. फाटकातून एक म्हातारी बाहेर आली. रशियन बाईंनी तिला काहीतरी सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, फाटक सताड उघडलं आणि ती बाजूला झाली.

ती अबखाझ होती. युद्धात तिचं स्वतःचं गाव जळालं होतं, मुलगा गेला होता, आणि तिला हे रिकामं घर मिळालं होतं. ती फोनसमोर आली. आई सोफ्यावर पुढे सरकल्या. दोघी एकमेकींना काय बोलतील याची मला धास्ती वाटत होती. आईंनी रशियनमध्ये विचारलं, आणि कोच माझ्या कानाशी हळूच सांगत गेली.

"झाडाला अजून फळं येतात का?"

"येतात. अजून हिरवी आहेत."

"खालच्या फांद्या छाटाव्या लागतात."

"छाटते मी."

मग म्हातारीने विचारलं, "घराचा मालक तुझा नवरा होता?"

आईंनी होकारार्थी मान हलवली. म्हातारी अंगणातून मागे चालू लागली, रशियन बाई फोन घेऊन तिच्यामागे. कुंपणालगत दगडांनी आखलेली एक लांबट जागा होती, तिच्यावर झेंडूसारखी पिवळी फुलं. कोच बोलायची थांबली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. म्हातारी राहायला आली तेव्हा समोरचा शेजारी येऊन म्हणाला होता, "या घराच्या मालकाला मी इथे पुरलंय. या जागेला हात लावू नका." तो शेजारीही आता नव्हता. म्हातारीने मात्र जागेला हात लावला नव्हता, नुसती फुलं लावली होती.

आई रडल्या नाहीत. त्यांनी म्हातारीला तिच्या मुलाचं नाव विचारलं. ती ते सांगतानाच फोन तुटला. मी उठून चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं हे मला सुचेना. कोच खिडकीशी उभी होती. "मी मामावर इतकी वर्षं रागावले होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तो मुद्दाम आला नाही."

त्यानंतर आईंचं बहरीनमध्ये मन लागेना. वर्ष सरायच्या आत कोचने राजीनामा दिला आणि दोघी झुगदिदीला राहायला गेल्या. ते गाव जॉर्जियाच्या हद्दीतलं शेवटचं. पलीकडे नदी, नदीवर पूल, आणि पुलापुढे त्यांना जायला बंदी. म्हातारीशी फोन चालू राहिले. आईंना कबरीवर नाव कोरायचं होतं, जॉर्जियन अक्षरांत. म्हातारी म्हणाली, "त्या अक्षरांचा दगड गल्लीतले लोक राहू देणार नाहीत." रशियन अक्षरं आईंना नको होती. बरेच महिने तो विषय तसाच लोंबकळला. शेवटी नुसता कोरा दगड बसवला. म्हातारीने त्याचा फोटो पाठवला, कोचने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "देदा म्हणते, चांगला आहे."

आता मुलगी शिकायला पुण्याला गेलीय. मी सुटीच्या दिवशी बुसैतीनच्या किनाऱ्यावर एकटीच पोहते. कोच फोनवर म्हणते, "ताई, ये ना इकडे. बहरीनच्या रहिवासामुळे तुला तर व्हिसाचीही कटकट नाही." मी दर वेळी हो म्हणते. रजा संगमेश्वरला जाण्यात संपते. माझी आई म्हातारी झालीय, तिला सोडून दुसरीकडे कुठे जाऊ? पण गुदैबियातून जाताना त्या इमारतीपाशी माझी पावलं रेंगाळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात आता कुणीतरी नवीन राहतं. बाल्कनीत लहान मुलाचे कपडे वाळत असतात, आणि मी वर पाहत राहते.