प्रियांकाला दोन नोकऱ्या आल्या

पीआरवाल्यांच्या प्रेस नोटा मी रोज रद्दीत टाकतो. त्यांचे किस्से मात्र टाकता येत नाहीत. लोणावळा ते तळेगाव तीस वर्षं बातमीदारी केल्यावर ते इतके साचलेत की कुठला कुणाचा, याचाच घोळ होतो.

यंदा ते उपसावे लागले, कारण आमच्या तळेगाव ऑफिसची चांगली बातमीदार प्रियांका पत्रकारिता सोडून पीआरमध्ये निघाली. दोन ऑफर होत्या. एक पुण्यातल्या एजन्सीची, दुसरी इथल्याच एका कारखान्यात, कंपनीचं स्वतःचं माणूस म्हणून. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"सर, कुठली घेऊ?"

"एकही नको."

"तो ऑप्शन नाहीये, सर."

मग मी तिला किस्से सांगायला बसलो.

*

लोणावळ्यात एक रिसॉर्ट उघडलं. त्याची नोट त्याच पुण्याच्या एजन्सीतल्या एका मुलीनं पाठवली. तिच्याकडे एक चिक्कीवालाही होता. नोटेत रिसॉर्टचे मालक म्हणत होते, "आमची प्रत्येक खोली शुद्ध तुपातली असून ती सहा महिने सहज टिकते."

मी फोन केला. ती म्हणाली, "सॉरी सर, चिक्कीच्या जागी खोली टाकलं, बाकी वाचायचं राहिलं. सहा क्लायंट आहेत माझ्याकडे."

एका पेपरात ते जसंच्या तसं छापून आलं. कुठल्या, ते विचारू नका.

"म्हणजे कंपनी बरी," प्रियांका म्हणाली.

*

प्रियांकाला ऑफर देणाऱ्या त्याच कंपनीतले देशमुख. पीआरचे साहेब, पंधरा वर्षं आतले माणूस. एका दुपारी त्यांच्या शेडमधून धूर निघाला. मी गेटवरून फोन लावला.

"धूर? कुठे?"

"तुमच्या डोक्यावर. मी गेटवर उभा आहे."

ते म्हणाले, "मग जरा मलाही सांगा ना. मला अजून कुणी कळवलं नाहीये."

मी त्यांना सांगितलं. अर्ध्या तासानं त्यांनी तेच मला अधिकृतपणे कळवलं.

"म्हणजे एजन्सी बरी," प्रियांका म्हणाली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

*

देशमुखांचाच आणखी एक. भाजे गावात कंपनीनं झाडं लावली. नोटेवर सात साहेबांच्या सह्या हव्या होत्या. त्या होईपर्यंत रोपं शेळ्यांनी खाल्ली. नोट आली, "परिसर हिरवागार." मी फोटो मागितला तर म्हणाले, "फोटो अजून चौथ्या साहेबांकडे आहे."

*

मी सकाळी एजन्सी म्हणायचो, दुपारी कंपनी. शनिवारी प्रियांका वैतागून म्हणाली, "सर, तुम्हाला नक्की राग कुणाचा आहे?"



शेवटी सोमवारी तिनं एजन्सी घेतली. ते बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तिनं कारण सांगितलं नाही, पण आदल्या दिवशी, रविवारी, वराळ्याच्या सभेत मी होतो.

*

वराळे प्रियांकाचंच गाव. त्याच कारखान्याचे ट्रक शाळा सुटायच्या वेळेला गावातून नकोत, अशी मागणी होती. ती बातमी प्रियांकानंच आमच्याकडे दोनदा केली होती. देशमुखांनी तिला बोलावून घेतलं. "तुम्ही गावच्याच. जॉईन व्हायच्या आधी एकदा बोलून बघा." मला हे कळलं तेव्हा मी संतापलो होतो. पण तिची रजा होती, आणि बातमीला मला जावं लागलं.

समाजमंदिरात सगळे सतरंजीवर. कंपनीच्या लोकांना खुर्च्या. प्रियांका कागद घेऊन उभी राहिली.

"ट्रकच्या वेळांचा आपण नक्की विचार करू."

पहिल्या रांगेत तिची सख्खी काकी बसली होती. "आपुन म्हंजी कोन गं?"

काही लोक हसले.

"म्हणजे... आपण सगळे, काकी."

"मी कशापायी इचार करू? माजा का ट्रक हाय?"

देशमुख खुर्चीतून हळूच म्हणाले, "आम्ही म्हणा, आम्ही."

प्रियांकानं कागदाकडे पाहिलं. मग काकीकडे.

"आम्ही विचार करू."

काकीनं डोक्यावरचा पदर नीट केला. मांडीवरचा नातू खाली बसवला, आणि हात जोडले.

"बोला मॅडम. तुमी काय म्हनत व्हता?"